इंग्रजी : वाङ्मयाची भाषा आणि वाङ्मयाची मध्यस्थ

दिल्लीच्या साहित्य अकादमीने १९६० साली पुरस्कारिलेल्या ग्रंथांत वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ होती, तशीच आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ ही कादंबरीही होती. इंग्रजी ग्रंथास हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत इंग्रजीचा समावेश नाही. अकादमीने मात्र तिला भारतीय भाषांच्या पंक्तीस बसविले. हे उचित झाले काय, या प्रश्नाचा विचार करताना इंग्रजीच्या दोन भूमिका वेगळ्या करणे अगत्याचे आहे.

पहिली भूमिका निर्मितीच्या भाषेची. अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा १९७६ सालचा काव्यसंग्रह इंग्रजीत आहे. त्याच कवीच्या मराठी ‘भिजकी वही’स २००५ साली अकादमीचा पुरस्कार लाभला. खंडोबाचे क्षेत्र ज्या भाषेत काव्यविषय होऊ शकते, तिला वाङ्मयापुरती तरी परकी म्हणणे कठीण आहे. येथे आक्षेपास जागा उरत नाही.

दुसरी भूमिका मध्यस्थाची. घटनेने इंग्रजीला राज्यकारभारात पंधरा वर्षांची मुदत दिली होती. १९६५ च्या जानेवारीत ती संपत असता तेव्हाच्या मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटले. १९६३ च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी चालू ठेवण्याची मुभा दिलीच होती, १९६७ च्या दुरुस्तीने तिला अधिक भक्कम हमी मिळाली. इंग्रजी कोणत्याच प्रांताची नाही, म्हणून ती निःपक्षपाती, हा त्यामागील युक्तिवाद कारभारात बराचसा ग्राह्य आहे. वाङ्मयात तो टिकत नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांचा प्राण त्यांच्या खानदेशी बोलीत आहे. इंग्रजीत जे सुखाने उतरते तेवढ्यावरूनच मराठीची परीक्षा होऊ लागली, तर असे वाङ्मय परीक्षेस बसण्यापूर्वीच नापास ठरते. जी भाषा अशी निवड करते, तिला तटस्थ कसे म्हणावे?

मध्यस्थावाचून व्यवहार अशक्य आहे, असेही नाही. का. श्री. श्री. यांनी खांडेकरांच्या कादंबऱ्या मूळ मराठीवरून तमिळमध्ये नेल्या आणि तेथील वाचकांनी त्या आपल्या मानल्या. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना बंगालीतून थेट मराठीत आणले. ज्या तमिळ समाजाने १९६५ साली इंग्रजीचा कैवार घेतला, त्यालाच मराठी कादंबरी वाचण्यास इंग्रजीची गरज भासली नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचा विरोध सक्तीला होता. शेजारच्या भाषेशी त्याचे वैर नव्हते.

अनुसूचीतील बावीस भाषांच्या परस्पर अनुवादाच्या ४६२ दिशा होतात. तितके अनुवादक कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. पण सर्व दिशा एकदम उजळण्याचा आग्रह कोणी धरलेला नाही. मराठीच्या सीमेवर कन्नड, तेलुगू, गुजराती, कोकणी, हिंदी उभ्या आहेत. बेळगाव, सोलापूरकडे दोन भाषा एकाच घरात नांदतात. भारतीय कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्याने स्वभाषा व इंग्रजी यांव्यतिरिक्त आणखी एक भारतीय भाषा मुळातून वाचावी, एवढा दंडक विद्यापीठांनी घातला तरी पुष्कळ होईल. ‘भारतीय’ हे विशेषण वापरण्याचा अधिकार समीक्षकास तेवढ्या श्रमानेच प्राप्त होतो.