जात म्हणजे काय? एका जुन्या निबंधाचें परीक्षण

समाजशास्त्राच्या प्रवेशग्रंथांत एक दोष इतका सार्वत्रिक झालेला आहे कीं, तो दोष आहे हेंच सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. समूह म्हणजे काय, संस्था म्हणजे काय, वर्ग म्हणजे काय, जात म्हणजे काय, अशा प्रत्येक प्रश्नाखालीं चार किंवा सहा लक्षणें क्रमांक घालून दिलेलीं असतात. विद्यार्थी तीं मुखोद्गत करतो, परीक्षेंत उतरवून काढतो, आणि शास्त्र आपणांस आलें असें समजून घरीं जातो. घरीं थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणीं चाललेलीं असतात. पुस्तकांतला ‘अंतर्विवाह’ हा शब्द त्या बैठकींत पानसुपारी घेत बसलेला असतो. पण विद्यार्थ्याला त्याची ओळख पटत नाहीं. लक्षणांची यादी म्हणजे शास्त्र नव्हे. घड्याळाला काटे, तबकडी व किल्ली असते असें सांगणाऱ्यानें घड्याळ चालतें कसें हें सांगितलेलें नसतें.

ही यादीची संवय मोडावयाची असेल तर विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम कोणतें लेखन द्यावें, या प्रश्नाला आमचें उत्तर ठरलेलें आहे. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत, प्रो. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गांत वाचलेला निबंध तो हा. पुढील वर्षीं मे महिन्यांत तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. लेखकाचें वय निबंध वाचतांना २५ वर्षांचें होतें. इंग्रजी शीर्षकाचें मराठी ‘भारतांतील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ति आणि विकास’ असें होईल. शीर्षकांत उत्पत्तीच्याहि आधीं यंत्रणा आली आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. लेखकाच्या पुढील कर्तृत्वामुळें हा निबंध आज एक तर भक्तिभावानें उल्लेखिला जातो, नाहीं तर राजकारणाचें साहित्य म्हणून बाजूस ठेविला जातो. नमस्कार करून पुस्तक मिटणें हाहि उपेक्षेचाच एक प्रकार आहे. आम्ही त्याचा विचार येथें केवळ शास्त्रीय निबंध म्हणून करणार आहों, आणि जेथें तो उणा वाटतो तेथें तसें सांगणार आहों.

निबंधाचा आरंभ पूर्वसूरींच्या व्याख्यांच्या परीक्षणानें होतो. फ्रेंच पंडित सेनार, वायव्य प्रांतांतील जातींवर लिहिणारे नेसफील्ड, १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले, आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, असे चौघे लेखकानें समोर घेतले आहेत. केतकरांचें नांव मराठी वाचकांस ज्ञानकोशामुळें परिचित आहे. परंतु ज्ञानकोशाच्या पूर्वीं, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत असतांना, त्यांनीं भारतांतील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला व तो १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. सेनार यांनीं विटाळाची कल्पना जातीच्या लक्षणांत घातली, तर ती पौरोहित्याच्या कर्मकांडाची आहे, जातीच्या गाभ्याची नव्हे, असें आंबेडकर म्हणतात. नेसफील्ड यांनीं रोटीबंदी पुढें केली. त्यावर उत्तर असें कीं, हें कार्यालाच कारण समजण्यासारखें आहे. जो समूह स्वतःभोंवतीं कुंपण घालतो त्याचा इतरांशीं खाण्यापिण्याचा व्यवहार आपोआपच कमी होतो.

पण परीक्षणाची खरी चमक केतकरांच्या प्रसंगीं दिसते. केतकरांनीं जातीकडे एकटी न पाहतां अनेक जातींच्या व्यवस्थेचा एक भाग म्हणून पाहिलें, याबद्दल लेखक त्यांचा गौरव करतो. केतकरांनीं दोन लक्षणें सांगितलीं : सभासदत्व जन्मानेंच मिळतें, आणि बाहेर विवाह करण्यास सक्त मनाई असते. लेखक विचारतो, हीं दोन कशीं ? बाहेर विवाह बंद केला कीं आंत येण्याची वाट जन्माखेरीज उरतच नाहीं. म्हणजे एकाच नाण्याच्या या दोन बाजू झाल्या. अशा रीतीनें यादी गाळीत गाळीत एकच गोष्ट हातीं उरते, ती अंतर्विवाह. व्याख्या करणें म्हणजे भर घालणें नसून वजा करणें आहे, हा धडा नवशिक्या विद्यार्थ्याला याहून थोडक्यांत दुसरीकडे मिळेल असें आम्हांस वाटत नाहीं.

गाळून उरलेल्या एका लक्षणावर लेखक सगळी यंत्रणा उभी करतो. हिंदु समाज मूळचा बहिर्विवाही आहे. सगोत्र व सपिंड विवाहाचा निषेध आजहि पुष्कळ घरांत पाळला जातो. अशा बाहेर पाहणाऱ्या समाजावर आंत पाहण्याचा नियम लादला गेला, आणि बहिर्विवाहावर अंतर्विवाहाची मात झाली, ती म्हणजे जात. हा नियम टिकवावयाचा तर कुंपणाच्या आंत विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा आधीं मेला तर एक स्त्री उरते; बायको आधीं मेली तर एक पुरुष उरतो. उरलेली स्त्री जातीबाहेर विवाह करील तर कुंपण मोडेल. जातींत करील तर एका कुमारिकेचा वर हिरावला जाईल. म्हणून तिला पतीबरोबर जाळावयाचें, किंवा जन्मभर वैधव्यांत ठेवावयाचें. पुरुषाला जाळण्याची समाजाची छाती होत नाहीं, आणि त्याच्यावर सक्तीचें ब्रह्मचर्य लादणेंहि समूहाला परवडत नाहीं. म्हणून त्याच्यासाठीं अद्याप विवाहवयांत न आलेल्या मुलींतून वधू आणावयाची. सती, सक्तीचें वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचें मूळ असें एका हिशेबांत सांपडतें.

या विवेचनाचें महत्त्व महाराष्ट्रांतील वाचकाला विशेष जाणवावें. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत सुधारणेचा जो मोठा वाद झाला, त्यांत या तीन रूढी बहुतेक तीन निरनिराळ्या दुष्ट चाली म्हणून गणल्या गेल्या. त्यांच्या बाजूनें धर्मशास्त्रांतील वचनें निघालीं, विरुद्ध दुसरीं वचनें निघालीं. करुणेला आवाहन झालें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवाविवाह केला व १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था उभी केली. त्या कार्याचें मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाहीं. परंतु विधवेचें दुःख आणि जातीचें कुंपण हीं एकाच खांबाला बांधलेलीं आहेत, हें इतक्या स्पष्टपणें कोणी मांडलें नव्हतें. शर्मिला रेगे यांनीं २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत आंबेडकरांच्या लेखनाचें जें स्त्रीवादी वाचन केलें, त्याला आधार येथेंच आहे. विटंबनेच्या चालीला नंतर पातिव्रत्याचीं व त्यागाचीं सुंदर वस्त्रें नेसविलीं जातात. प्रथम गरज आणि मागाहून तत्त्वज्ञान, असा लेखकाचा क्रम आहे, आणि तो आम्हांस बिनतोड वाटतो.

उत्पत्तीच्या भागांत लेखक म्हणतो कीं, मनूनें जात निर्माण केली हें म्हणणें पोरकट आहे. एका माणसाच्या आज्ञेनें एवढी संस्था उभी राहत नाहीं. मनूनें चालू असलेल्या रूढीला शास्त्राचा पाया दिला. समाजांत वर्ग सर्वत्र असतात. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग. भारतांत हें दार प्रथम ब्राह्मणवर्गानें लावलें, आणि इतरांनीं त्याचें अनुकरण केलें. येथें फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांनीं १८९० सालच्या ग्रंथांत मांडलेले अनुकरणाचे नियम उपयोगीं आणले आहेत : अनुकरण वरून खालीं वाहतें, आणि अंतर जितकें कमी तितकें तें अधिक उतरतें. पुढें १९५२ सालीं श्रीनिवास यांनीं कूर्ग लोकांवरील ग्रंथांत ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा रूढ केली व ती प्रत्येक पाठ्यपुस्तकांत गेली. तीमागील निरीक्षण ३६ वर्षांपूर्वीं या निबंधांत येऊन गेलें होतें, हें मात्र पाठ्यपुस्तकें क्वचितच सांगतात.

आतां उणीवांकडे वळूं. पहिली उणीव यंत्रणेंतच आहे. लेखक स्वतः असें नमूद करतो कीं, ब्राह्मणांच्या निकटच्या जातींनीं तिन्ही रूढी उचलल्या, त्यांहून दूरच्यांनीं दोन, आणखी दूरच्यांनीं एक, आणि सर्वांत दूरच्या जातींनीं केवळ जातितत्त्वावरची श्रद्धा तेवढी घेतली. अनुकरणाचा पुरावा म्हणून हें निरीक्षण उत्तम आहे. पण यंत्रणेच्या दृष्टीनें तें अडचणीचें आहे. महाराष्ट्रांतील कित्येक जातींत पाट लावण्याची चाल उघडपणें होती. विधवा जातींतच दुसरें घर करीत असे. तरीहि त्या जाती जातीबाहेर मुलगी देण्याच्या बाबतींत तितक्याच कडक होत्या. म्हणजे ज्या साधनांवांचून अंतर्विवाह टिकणार नाहीं असें म्हटलें, त्यांवांचून तो टिकलेला दिसतो. याचें उत्तर आम्हांस असें दिसतें : जेथें बाई शेतांत राबते व जेथें वधूपित्याला देज द्यावें लागतें, तेथें विधवा ‘उरलेली’ नसतेच, तिच्या हातांची गरज असते. स्त्री ‘शिल्लक’ ठरणें ही केवळ संख्येची गोष्ट नव्हे, घरच्या अर्थव्यवस्थेचीहि आहे. लेखकानें हिशेब स्त्रीपुरुषांच्या संख्येचा मांडला. त्यांत श्रमाचा रकाना राहिला.

दुसरी कसोटी काळानें लावली. १८२९ सालीं सतीबंदी झाली, १८५६ सालीं विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, १९२९ सालीं शारदा कायदा आला, १९४९ सालीं भिन्न जातींच्या हिंदूंमधील विवाह वैध ठरले. जुन्या साधनांस कायद्यानें धक्का दिला, पुढें आंतरजातीय विवाहाची कायदेशीर अडचणहि गेली. पण कुंपण उभेंच आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शेकडा ५ च्या आसपासच आढळलें. तेव्हां साधनें बदलतात आणि साध्य टिकतें, असें म्हटलें पाहिजे. इरावती कर्वे यांनीं जातीकडे विस्तारलेला आप्तसमूह म्हणून पाहिलें, त्याचा येथें उपयोग होतो. सोयरीक म्हणजे नुसतें दोघांचें लग्न नव्हे. अडीअडचणीला पैसा, शहरांत बिऱ्हाड, नोकरीसाठीं शब्द, हें सर्व त्याच जाळ्यांतून मिळतें. जाळें उपयोगाचें आहे तोंवर, सतीची चिता विझली तरी, जात विझत नाहीं.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. अनुकरण ही स्वेच्छेची क्रिया आहे. परंतु वरच्यांनीं खालच्यांस अनुकरण नेहमींच करूं दिलें आहे काय? कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांच्या वेदोक्ताच्या अधिकारावरून विसाव्या शतकाच्या आरंभीं जें वादळ उठलें, तें अनुकरणाला झालेल्या विरोधाचेंच होतें. आणि तेथें तर मागणारा राजा होता. कांहींनीं दार लावून घेतलें, इतरांना तें लावलेलें आढळलें, असें निबंधांत म्हटलेलें आहे. पण ज्यांच्या तोंडावर तें लागलें त्यांची कथा येथें येत नाहीं. अस्पृश्यतेचा स्वतंत्र विचार या निबंधांत नाहीं. डॉ. घुर्ये यांनीं १९३२ सालच्या ग्रंथांत जातीचीं सहा लक्षणें दिलीं. यादीबद्दल आमचा आक्षेप वर आलाच आहे. पण त्या यादींत उच्चनीच श्रेणी आणि नागरी व धार्मिक निर्बंध यांना जागा आहे, आणि एका अंतर्विवाहाच्या सूत्रांतून त्या दोहोंचा उलगडा पुरता होत नाहीं. कुंपणें शेजारीं शेजारींहि असूं शकतात. तीं एकावर एक कां रचलीं गेलीं, हा प्रश्न उरतो. लेखकालाहि तो उरलेला दिसला असावा. कारण १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणांत श्रमिकांच्या पायरीपायरीच्या विभागणीचा विचार आहे, आणि १९४८ सालीं अस्पृश्यतेच्या उगमावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या तिन्ही उणीवा लक्षांत घेऊनहि आम्ही हाच निबंध विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम देऊं. त्याच्याशीं भांडतां येतें, हें त्याचें मोठेपण. सहा लक्षणांच्या यादीशीं कोणी भांडूं शकत नाहीं. सातवें लक्षण फार तर जोडतां येतें. येथें एक स्पष्ट विधान आहे, त्यावरून निघणारे निष्कर्ष आहेत, आणि आपल्या गांवचा पाट किंवा आपल्या घरची सोयरीक पुढें करून ते तपासून पाहण्याची वाचकाला मोकळीक आहे. वाचक चुकीचा मुद्दा पुढें करील तरी कांहीं शिकूनच परतेल.

सुशिक्षित कुटुंबांनीं हा निबंध वाचावा तो याच कारणासाठीं. आपल्या घरांत आज विटाळ पाळला जात नाहीं, कोणाच्याहि हातचें पाणी चालतें, म्हणून जात गेली, असें समाधान आपण करून घेतों. निबंधाच्या दृष्टीनें हीं सगळीं कार्यें आहेत. कारण निराळ्याच ठिकाणीं आहे. तें पाहावयाचें असेल तर कोणत्याहि रविवारच्या वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिराती वाचाव्या. पोटजातीपर्यंतचे मथळे तेथें आहेतच. पण ‘आंतरजातीय चालेल’ असें उदारपणें लिहिणारी जाहिरातहि पुढच्याच शब्दांत अमक्या अमक्यांनीं ‘क्षमस्व’ असें म्हणतांना आढळते. कुंपण कोठें आहे आणि श्रेणी कोठें आहे, दोन्ही त्या दोन शब्दांच्या मध्यें स्पष्ट दिसतात. यांपैकीं पहिल्याचा उलगडा २५ वर्षांच्या त्या विद्यार्थ्यानें १९१६ सालीं करून ठेविला आहे, आणि दुसऱ्यासाठीं पुढें आयुष्य वेंचलें आहे. वाचन आपण केलें पाहिजे, आणि तेंहि घरांत मुलामुलींच्या लग्नाचा विषय निघण्यापूर्वीं.