कॅमेरा जागत नाही

"झोपेत तुमचा श्वास थांबतो, असं कधी कुणी सांगितलंय का?"

डॉक्टर समोरच्या कागदावरचे प्रश्न ओळीनं विचारत होते. दिवसा झोप येते? हो. मीटिंगमध्ये डुलक्या लागतात? हो. सकाळी डोकं दुखतं? बऱ्याचदा. ब्लडप्रेशर? थोडं वाढलेलं. या प्रश्नापाशी मात्र मी अडकले. याचं उत्तर 'हो' नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. उत्तर होतं, "सांगणार कोण?"

मी एकतीस वर्षांची आहे आणि पुण्यात एका वन आरकेमध्ये एकटी राहते. मी घोरते हे हॉस्टेलच्या मुलींनी हसतहसत सांगितलं होतं, त्यालाही आता आठ वर्षं झाली. डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला सांगितली. तिची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. घरी येताना मी दोनेक हजारांचा एक कॅमेरा घेऊन आले. ज्या प्रश्नाला साक्षीदार लागतो, त्याला विकतचा साक्षीदार.

त्या तीन आठवड्यांत मी सकाळी स्वतःच्या झोपेचं फूटेज बघत होते आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या झोपेवर केलेल्या कलाकृती. दुसरा नाद पहिल्यातून लागला. रोज सकाळी स्वतःला झोपलेलं बघून एकच प्रश्न पडायचा: झोपलेल्या माणसाकडे बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

१. काहीतरी हललं पाहिजे

घरातला कॅमेरा लोक चोरासाठी लावतात, नाहीतर बाळासाठी. स्वतःसाठी लावणारे कमी, त्यामुळे त्याची सगळी अक्कल चोर पकडण्याची.

पहिल्या रात्री कॅमेरा कपाटावर ठेवला, तर चित्र पांढरंफटक. दोष मच्छरदाणीचा. अंधारात हे कॅमेरे इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतात. तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण समोर जाळी किंवा काच असली की तिच्यावर आपटून उलट लेन्सवर येतो. दुसऱ्या रात्री मच्छरदाणी काढली. आता लेन्सजवळून जाणारा धुळीचा प्रत्येक कण चमकत्या गोळ्यासारखा तरंगायला लागला. असे गोळे 'आत्मा' म्हणून दाखवणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आले असतील.

सकाळी अ‍ॅपमध्ये ४३ क्लिप्स जमल्या होत्या. बहुतेकांमध्ये पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलत होता. काहींमध्ये मी कूस बदलत होते. आणि सहा क्लिप्स अशा, की त्या सुरू होतानाच मी आचका देऊन, घशातून विचित्र आवाज काढत हवा ओढत होते.

त्या आचक्याच्या आधी काय झालं होतं? ते कुठेच नव्हतं. कॅमेरा 'मोशन डिटेक्शन'वर होता. म्हणजे काहीतरी हललं, तरच घडलं. माझ्या आजाराची गोष्ट नेमकी उलटी आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट बंद होते. घोरणं एकदम थांबतं. छाती आत धडपडत असते, पण पांघरुणावरून ते कळतही नाही. हे दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकलं, तर वैद्यकशास्त्र त्याला एक 'घटना' म्हणतं. मग मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, आचका बसतो, श्वास सुरू होतो, आणि सकाळी यातलं काहीही आठवत नाही. कॅमेऱ्याच्या लेखी घटना म्हणजे आचका. डॉक्टरांच्या लेखी घटना म्हणजे त्याच्या आधीची शांतता.

मी मेमरी कार्ड घातलं, सेटिंग 'कंटिन्युअस' केलं, क्लाउड बंद केला आणि पासवर्ड बदलला. पण एक धडा मिळाला होता. कॅमेरा नुसता बघत नसतो. 'घडलं' कशाला म्हणायचं हे त्याच्या आत आधीच ठरलेलं असतं.

२. पाच तास, एक पोट

झोपेच्या चित्रीकरणाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं अँडी वॉरहॉलच्या 'स्लीप'चं. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यानं जॉन जॉर्नो या कवीला झोपलेलं चित्रित केलं. जॉर्नो तेव्हा त्याचा प्रियकर होता. सिनेमा पाच तास वीस मिनिटांच्या आसपासचा, कृष्णधवल आणि मूक. १७ जानेवारी १९६४ ला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा प्रेक्षक होते नऊ. त्यातले दोघं पहिल्या तासातच उठून गेले. हा किस्सा सगळे सांगतात. मीही सिनेमा सलग पाहिलेला नाही, तुकड्यांतुकड्यांनीच पाहिला आहे. तेव्हा त्या दोघांना हसायचा मला हक्क नाही.

'स्लीप'बद्दलचा ठरलेला समज असा, की कॅमेरा लावून ठेवला आणि माणूस झोपला. तसं नाही. वॉरहॉलकडच्या बोलेक्स कॅमेऱ्यात एका वेळी तीनचार मिनिटांचंच रीळ मावायचं. त्यानं अनेक रात्री चित्रण केलं आणि नंतर तेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडले. आपण जी एक सलग रात्र समजून बघतो, ती कात्री आणि चिकटपट्टीनं केलेली आहे.

हे कळल्यावर मला सिनेमा वेगळाच दिसायला लागला. त्यात श्वासाबरोबर वरखाली होणारं जॉर्नोचं पोट बराच वेळ दिसतं. कला म्हणून ते सुंदर आहे, एखाद्या टेकडीसारखं. पण मी पेशंटच्या नजरेनं बघत होते. मी सेकंद मोजत होते. आणि लक्षात आलं, की इथे मोजण्यात अर्थ नाही. हाच श्वास मघाशी पाहिला होता. मधला एखादा श्वास चुकला असता, तर तो कात्रीत गेला असता. शिवाय आवाज नाही. जॉर्नो घोरत होता की नाही, हे हा सिनेमा पाच तासांत एकदाही सांगत नाही.

तरी 'स्लीप' माझ्या कपाटावरच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे, कारण त्यात मागे कुणीतरी जागं आहे. जॉर्नोनं पुढे सांगितलं आहे, की एका रात्री त्याला जाग आली तेव्हा वॉरहॉल त्याच्याकडे बघत बसला होता. सिनेमा तिथून सुरू झाला. खांदा, मान, चेहरा या क्रमातून कळतं, की प्रेमात पडलेला माणूस झोपलेल्या शरीराचं काय काय बघतो. 'स्लीप'चा खरा विषय झोप नाही, ही नजर आहे.

आणि माझी तक्रारही तिथेच आहे. या नजरेला जॉर्नोची झोप हवी आहे. झोपलेल्या जॉर्नोलाही काही हवं असू शकेल, ही शक्यता त्या पाच तासांत कुठेच नाही.

३. पाहुण्यांची चादर

ती शक्यता मला सापडली सोफी काल या फ्रेंच कलावतीकडे. एप्रिल १९७९ मध्ये तिनं ओळखीच्या-अनोळखी लोकांना आपल्या पलंगावर येऊन झोपायला बोलावलं. प्रत्येकानं आठ तास झोपायचं, मग दुसऱ्यानं यायचं. आठवडाभर पलंग रिकामा राहू द्यायचा नाही. ती शेजारी बसून दर तासाला फोटो काढायची, टिपणं ठेवायची.

या कामाबद्दल बोलताना लोक त्यातल्या आगाऊपणावर बोलतात. मला त्यातलं यजमानपण जास्त महत्त्वाचं वाटतं. तिनं चादरी तयार ठेवल्या, येणाऱ्याला वेळेप्रमाणे खायला दिलं, त्यांच्याशी बोलली. फोटो साधे आहेत, पण प्रत्येक फोटोमागे एक बाई त्या खोलीत जागी आहे आणि झोपणाऱ्यानं तिला हो म्हटलेलं आहे. वॉरहॉलकडे मॉडेल झोपतो. कालकडे पाहुणा झोपतो.

४. सकाळी बघू

तिसरी गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे: 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'. ओरेन पेलीनं हा सिनेमा सॅन दिएगोमधल्या स्वतःच्या घरात साधारण १५,००० डॉलरमध्ये केला. २००७ मध्ये तो महोत्सवात दाखवला गेला, २००९ मध्ये सगळीकडे लागला आणि जगभरात १९ कोटी डॉलरहून जास्त कमावून गेला.

एकेकाळी मी तो हॉस्टेलमध्ये सात मुलींच्या गराड्यात बघितला होता. आता एकटीनं, कपाटावर कॅमेरा असताना बघितला, आणि भुतापेक्षा मिकाची जास्त भीती वाटली.

केटीला लहानपणापासून काहीतरी छळतं आहे. तिचा मित्र मिका यावर उपाय म्हणून काय करतो? महागडा कॅमेरा आणतो आणि बेडरूममध्ये ट्रायपॉडवर लावतो. उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार, कोपऱ्यात पळणारी वेळ. सिनेमाची सगळी ताकद या एका चौकटीत आहे. कॅमेरा हलत नाही, म्हणून आपण स्वतःच पहारेकरी होतो. दारावर डोळे ठेवून बसतो.

पण पहारा आपण देतो, मिका देत नाही. तो झोपतो. काय झालं ते सकाळी लॅपटॉपवर बघतो आणि जवळजवळ खूश होतो, कारण फूटेज भारी आलेलं असतं. केटी म्हणते, हे बंद कर. तो म्हणतो, पुरावा मिळतोय. मला हा सिनेमा भुताचा वाटतच नाही. शेजारच्या माणसाचं दुखणं ऐकायच्या ऐवजी ते रेकॉर्ड करणाऱ्या माणसाचा हा सिनेमा आहे. या बाबतीत तो २००७ पेक्षा आज जास्त खरा वाटतो.

त्यातलं एक दृश्य विसरता येत नाही. केटी मध्यरात्री उठते आणि पलंगाशेजारी उभी राहून झोपलेल्या मिकाकडे बघत राहते. कोपऱ्यातले तास भराभर पुढे सरकतात, ती हलत नाही. सकाळी तिला काही आठवत नाही. झोपलेल्या माणसाशेजारी कुणीतरी जागं असणं, ही गोष्ट या एका दृश्यानं कायमची भयंकर करून ठेवली.

५. दोन सत्तेचाळीस

तिसऱ्या आठवड्यात आई आली. आमचं गाव पंढरपूरच्या जवळ. कपाटाकडे बघून ती म्हणाली, "अगं, शेजारती झाली की देवाचंसुद्धा दार लावून घेतात. झोपलेल्याला कुणी बघत बसतं का?"

मी डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. ती जराही दचकली नाही. "तुझ्या बाबांचं तसंच होतं. घोरताघोरता थांबायचे. मग मी हलवायची." बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं घोरणं आमच्या घरातला विनोद होता. त्या विनोदाच्या मधल्या शांततेत कुणीतरी काम करत होतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. "आवाजानं कधी झोपमोड झाली नाही बघ," ती म्हणाली. "आवाज थांबला की जाग यायची."

दुसऱ्या दिवशी ती परत गेल्यावर मी रात्रीचं फूटेज लावलं. जमिनीवर दोन गाद्या, एकीवर मी, दुसरीवर आई. २:४७ ला आई एकदम उठून बसली. कॅमेऱ्याच्या दिशेनं क्षणभर बघितलं तेव्हा इन्फ्रारेडमध्ये तिचे डोळे पांढरे चमकले. मग ती माझ्याकडे वळली आणि तशीच बसून राहिली.

खोटं सांगत नाही, मला केटी आठवली. हातावर काटा आला.

मग मी आवाज वाढवला. आवाज नव्हता. पंखा होता, माझं घोरणं नव्हतं. मी मोजलं. चौदाव्या सेकंदाला आईनं हात लांब करून माझा खांदा हलवला. आचका, मोठा श्वास, मी कुशीवर. आई थोडा वेळ तशीच बसली, मग आडवी झाली. त्या रात्री हे चार वेळा झालं. निघताना ती मला म्हणाली होती, "तुझ्याकडे झोप छान लागली गं."

आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. यात्रा संपेपर्यंत देव झोपत नाही, दर्शन चोवीस तास सुरू राहतं, आणि नंतर त्याचा शिणवटा घालवायला प्रक्षाळपूजा होते. लहानपणी मला हे कौतुकाचं वाटायचं. आता वाटतं, आपल्याकडे जागण्याचे दोन अर्थ उगाच नाहीत. माणूस रात्री जागतो, आणि शब्दालाही जागतो. दुसरा अर्थ पहिल्यातूनच आला असावा. कुणाच्या तरी भरवशावर कुणीतरी डोळे मिटलेले असतात.

या मापानं बघितलं तर वॉरहॉल जागला, पण स्वतःच्या नजरेसाठी. काल जागली, आणि तिनं पाहुण्याची चादर बदलली. मिका जागलाच नाही. माझा कॅमेरा तर रात्रभर सुरू होता. त्यानं चौदा सेकंद मिनिटाकाट्यासकट नोंदवले आणि तो कपाटावर बसून राहिला. रात्री श्वास अडकल्याचं तो सकाळी सांगतो. त्याचा उपयोग नाही असं नाही. पण त्याला साक्षीदार म्हणावं, सोबत म्हणू नये.

स्लीप स्टडीच्या रात्री डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावल्या. खोलीत इथेही इन्फ्रारेड कॅमेरा होता. फरक एवढाच, की भिंतीपलीकडे एक टेक्निशियन ताई जागी होती. पहाटे एक वायर निसटली तेव्हा ती आत आली, हळूच चिकटवली आणि म्हणाली, "झोपा तुम्ही." अहवालात आकडा आला: ताशी १८. पंधरा ते तीस म्हणजे मध्यम. आता रात्री मास्क लावते, मशीन घशाची वाट उघडी ठेवतं. कपाटावरचा कॅमेरा काढून टाकला आहे.

अहवाल बघताना डॉक्टरांनी तोच कागद पुन्हा पुढे ओढला. रिकामी राहिलेली जागा भरायची होती. "श्वास थांबतो, हे कुणी सांगितलं होतं?"

"आईनं," मी म्हटलं. "पण तिला ते माहीत नाही."