एका कॅनचं परीक्षण

समीक्षकाला कविता करता यावी लागत नाही, तशीच मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला ती चालवता यावी लागत नाही. या एकाच पात्रतेवर २०१८ च्या जुलैत मी भाच्याच्या मागे बसून मनालीहून लेहला गेलो. हिमालयावर पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी लिहिणार आहे ते आमच्या मागच्या चाकाशेजारी लोंबकळणाऱ्या पाच लिटरच्या पेट्रोलच्या कॅनबद्दल. हिमालयाला माझ्या परीक्षणाची गरज नाही. कॅनला आहे.

आधी कथानक सांगतो. रोहतांग उतरून लाहौलमध्ये गेलं की चंद्रा आणि भागा या दोन नद्यांच्या संगमापाशी तांडी नावाचं गाव लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरची पाटी तेव्हा भलतीच प्रसिद्ध होती : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. लोक त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेत. वर्षाचे दिवस आणि पुढचे किलोमीटर सारखेच निघावेत, हा योगायोग पाहून माझ्या पोटात गोळा आला.

"मामा, हिशेब साधा आहे," भाचा म्हणाला. "टाकी साडेतेरा लिटरची. दोघं बसून, सामान लादून, चढावर धापा टाकत का होईना, गाडी लिटरला तीस देते. म्हणजे झाले चारशे पाच. पाहिजेत तीनशे पासष्ट. शिवाय लेहच्या अलीकडे पस्तीस किलोमीटरवर कारूला पंप आहेच."

"मग हा कॅन कशाला?"

"असू दे."

संपलं! 'असू दे' हे आपल्या मध्यमवर्गाचं ब्रीदवाक्य आहे. श्रीखंडाचे रिकामे डबे, सुतळीचे तुकडे, लग्नपत्रिकांचे कोरे पाठकोरे, सगळं 'असू दे'. गणित सुटल्यावरही जे उरतं ते म्हणजे भीती, आणि आम्ही ती पाच लिटरच्या मापात भरून घेतली होती.

आता आकृतिबंध. आमचा कॅन मूळचा शेंगदाणा तेलाचा. हिनं तो तीनदा धुऊन दिला होता, तरी वरच्या कडेला तेलाचा हात राहिलाच होता. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दुमडून बसवलेली, वरून सुतळी. भाच्याने तो सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधला, एवढी अक्कल त्याच्यापाशी होती, हे मी त्याचा मामा म्हणून नमूद करून ठेवतो.

या वाङ्मयप्रकारातली अभिजात कृती कोणती, हे माहीत असल्याशिवाय परीक्षण करू नये. ती जर्मन सैन्याची. १९३७ च्या सुमाराची. वीस लिटरचा पत्र्याचा डबा, दोन अर्धुकं दाबून घडवलेली आणि मधोमध सांधलेली. वर एक नाही, तीन मुठी. का, तर भरलेला डबा दोघांना मिळून धरता यावा आणि रिकामे दोन डबे एकाच हातात मावावेत. बाजूंवर खोलगट नक्षी. मला आधी ती शोभेची वाटली होती, पण पत्रा ताठ राहावा आणि आतलं पेट्रोल तापून फुगलं तर त्याला जागा मिळावी, हा तिचा हेतू. आत हवेचा कप्पा असा, की भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. ओतताना हवा आत जायला वेगळी वाट, म्हणून 'गुडगुड' न करता धार पडते. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. असं पुस्तक मला तीस वर्षांत अभिप्रायासाठी आलं नाही.

त्याच वेळी इंग्रजांकडे काय होतं? चार गॅलनचा पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. म्हणजे साधारण अठरा लिटर, म्हणजे आपला रॉकेलचा डबा हो! तो आफ्रिकेच्या वाळवंटात आपटत-आदळत इतका गळायचा, की पेट्रोल रणगाड्याला कमी आणि वाळूलाच जास्त मिळे. शेवटी इंग्रजांनी शत्रूचे डबे जिथे सापडतील तिथे वापरले, मग हुबेहूब नक्कल केली. जर्मनांना त्यांचे शिपाई 'जेरी' म्हणत, म्हणून डबा झाला 'जेरीकॅन'. वाङ्मयचौर्य करून वर मूळ लेखकाचं टोपणनाव मुखपृष्ठावर छापण्याचा एवढा प्रामाणिकपणा आमच्या क्षेत्रात नाही.

आता कायदा. आपला १९३४ चा पेट्रोलियमचा कायदा सांगतो की विकायचं नसेल तर तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं. मात्र भांडं काचेचं किंवा चिनीमातीसारखं असेल तर एक लिटरपर्यंत, आणि धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. बूच घट्ट हवं. प्लास्टिकचं त्या यादीत नावही नाही. म्हणजे आजीची लोणच्याची लिटरभराची बरणी कायद्यात बसली असती, हिचा तेलाचा कॅन नाही. हे मी परत आल्यावर वाचलं. समीक्षक संदर्भ नंतरच पाहतात.

बारालाचाच्या खिंडीत, सोळा हजार फुटांवर, आमच्या कृतीचा उत्कर्षबिंदू आला. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, आतली वाफ तेवढीच राहिली, आणि कॅन तळणीतल्या पुरीसारखा टम्म फुगला. भाच्याने झाकण जरा सैल केलं तर 'फुस्स' करून पावशेर पेट्रोल सामानाच्या पिशवीवर. पिशवीत हिनं दिलेल्या चकल्या. सरचूच्या तंबूत त्या खाल्ल्या, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघांनी कोणाला काडी पेटवू दिली नाही.

इथवर परीक्षण विनोदी आहे. पुढचा भाग मी गाळणार होतो.

पांगच्या पुढे मोरेचं पठार लागतं. चाळीसेक किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि झाड म्हणून नाही. तिथे एक पोरगा गाडी आडवी लावून रस्त्यात उभा होता. विशीचा असेल. ओठ फुटलेले. आमचा कॅन त्याला लांबूनच दिसला असणार.

"अंकल, एक लिटर मिलेगा?"

भाच्याने गाडी बंद केली आणि सुतळीला हात घातला. आणि मी म्हणालो, "नहीं बेटा, हमकोही पुरेगा नहीं."

माझं हिंदी त्याला कळलं. हिशेब मला पाठ होता. चारशे पाच, तीनशे पासष्ट, चाळीस शिल्लक, वर हे पावणेपाच लिटर. तरीही तोंडातून तेच निघालं. भाचा काही बोलला नाही. सुतळी पुन्हा आवळली. पुढचे दीडशे किलोमीटर तो माझ्याशी फक्त खड्ड्यांबद्दल बोलला.

दुसऱ्या दिवशी लेहच्या बाजारात तो पोरगा समोरच आला. मी चपलांच्या दुकानाकडे वळणार, एवढ्यात त्यानेच ओळखून हात केला. पोचला होता. कसा? आमच्यामागून स्कूटरवर एक नवरा-बायको आली. त्यांच्याकडे पेट्रोलची एकच बाटली होती, ती त्यांनी दिली. स्कूटरची टाकी ती केवढी! "भले लोग थे," तो म्हणाला. माझ्याकडे बघून, हसून म्हणाला. टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी भाच्याने कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. पावणेपाच लिटर, बारालाचापासून एक थेंबही न वापरलेलं, आणि तेही पेट्रोल पंपाच्या समोर, रस्त्यापलीकडे. गुडगुड आवाज करत ते बराच वेळ पडत होतं.

तेव्हा एकंदरीत अभिप्राय असा : आकृतिबंध सदोष, झाकण ढिसाळ, कायद्याचा आधार नाही, चकल्यांवर अनिष्ट परिणाम. पण लिहायला बसल्यावर लक्षात येतं की हे सगळे दोष कॅनचे आहेत, आणि त्या पठारावर कॅनकडून काही चुकलं नव्हतं. त्याचं झाकण उघडायला तयार होतं.

भाचा पुन्हा जायचं म्हणतोय. मी त्याला म्हटलं, या वेळी चांगला पत्र्याचा डबा घेऊ, घट्ट झाकणाचा.

"दोन घेऊ, मामा," तो म्हणाला. "एक आपल्याला, आणि एक तू नाही म्हणायच्या आत द्यायला."