जपानी चित्रकथांतील अंतःपुर

एका सामान्य तरुणाभोंवतीं चार-पांच तरुणी जमतात आणि त्या सर्वांच्या मनांत त्याच्याविषयीं कमी-अधिक अनुराग उत्पन्न होतो, अशा कथेला 'हारेम' हें नांव पडलें आहे. जपानांतील मांगा म्हणजे चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे चलच्चित्रें यांत हा प्रकार विपुल आढळतो. आपल्या घरांतील तरुण मुलेंमुलीहि हीं चलच्चित्रें आवडीनें पाहूं लागलीं आहेत. वडील माणसें एक तर हा प्रकार अश्लील म्हणून झिडकारितात, किंवा पोरखेळ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करितात. दोन्ही मतांत थोडेंफार तथ्य आहे. परंतु या कथा वाचकाची नेमकी कोणती इच्छा पुरवितात, हा मुख्य प्रश्न दोहोंतहि सुटून जातो.

केन अकामात्सु यांची 'लव्ह हिना' ही या प्रकारांतील नमुनेदार कृति होय. ती १९९८ ते २००१ या काळांत 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झाली व पुस्तकरूपानें तिचे १४ खंड निघाले. नायक केइतारो उराशिमा हा तोक्यो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत दोनदां नापास झालेला आहे. त्या विद्यापीठांत भेटूं असें वचन लहानपणीं त्यानें एका मुलीला दिलें होतें. पण तिचें नांवहि त्याला आतां आठवत नाहीं. तो आजीच्या घरीं जातो, तों तिच्या जुन्या विश्रामगृहाचें मुलींचें वसतिगृह झालेलें असतें, आणि त्याची व्यवस्था त्याच्याच गळ्यांत पडते. जपानांतील प्रवेशपरीक्षांची धास्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या कथेचें मर्म तत्काल कळेल. परीक्षेंत गुणांवरून माणसाची किंमत ठरते; वसतिगृहांत मात्र कांहीं सिद्ध केल्यावांचून त्याला जागा मिळते. मुली त्याला मारतात, हिणवितात, पण कायमचें घालवून देत नाहींत. येथें पुरविली जाणारी इच्छा भोगाची कमी आणि आश्रयाची अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं अनेक नायिकांशीं सारख्याच सौजन्यानें वागणाऱ्या नायकाला 'दक्षिण' म्हटलें आहे. तें दाक्षिण्य ही एक कमावलेली कला होती. या चित्रकथांतील नायकाजवळ ती बहुधा नसते. तो भला असतो, भित्रा असतो, आणि कोणाचें आपल्यावर प्रेम आहे हें त्याला उमगत नाहीं. हें न उमगणें लेखकाच्या फार सोयीचें आहे. उमगलें कीं उत्तर द्यावें लागणार, उत्तर दिलें कीं कोणाला तरी दुखवावें लागणार, आणि दर आठवड्याला चालणारी कथाहि मग संपणार! तायशी त्सुत्सुइ यांनीं 'बोकुताची वा बेन्क्यो गा देकिनाई' या आपल्या कथेंत (२०१७–२०२०) तर पांच नायिकांसाठीं पांच निरनिराळे शेवट लिहिले. कोणाहि वाचकाचा हिरमोड होऊं नये, ही त्यांतील सद्भावना उघड आहे. परंतु एका शेवटीं केलेली निवड दुसऱ्या शेवटांत पुसली जात असेल, तर तिच्यांतील सुख कितीसें टिकणार?

याहून गंभीर दोष मुलींच्या चित्रणांत आहे. एक कोपिष्ट, एक लाजाळू, एक अबोल, एक बालिश, असे ठसे ठरून गेलेले असतात. वाचकानें आपल्या आवडीचा ठसा उचलावा, एवढीच अपेक्षा. नायकाला वगळलें तर या मुलींना स्वतःचें असें आयुष्य फारसें उरत नाहीं.

म्हणूनच नेगी हारुबा यांच्या 'गोतोबुन नो हानायोमे' या कृतीचें (२०१७–२०२०) आम्ही विशेष कौतुक करूं. 'लव्ह हिना' ज्या साप्ताहिकांत आली त्यांतच हीहि प्रसिद्ध झाली. फूतारो उएसुगी हा गरीब पण हुषार विद्यार्थी एकाच वेळीं जन्मलेल्या पांच बहिणींचा शिक्षक होतो. कथेचा आरंभ त्याच्या विवाहाच्या दिवसापासून आहे; वधू पांचांपैकीं कोण, हें मात्र झांकून ठेविलें आहे. पांचहि जणींचे चेहरे सारखे असल्यामुळें आरंभीं त्याला त्या ओळखूं येत नाहींत. ज्याचें प्रेम आहे त्यालाच त्या वेगळ्या ओळखतां येतील, ही या कथेची कसोटी आहे. थोरली इचिका मिकूचें रूप घेऊन नायकाला फसवूं पाहते, तेथें बहिणींतील माया आणि मत्सर यांची झटापट खरी वाटते. नायकाला अखेर एकीची निवड करावी लागते आणि चौघींना नकार सोसावा लागतो. वाचकाची इच्छा येथेंहि पुरविली जाते, पण तिची किंमतहि मोजून घेतली जाते.

ही किंमत जपानी वाङ्मयाला नवी नाहीं. अकराव्या शतकाच्या आरंभीं मुरासाकी शिकिबु या विदुषीनें लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी'मध्यें सम्राटपुत्र गेंजी चार ऋतूंचे चार विभाग असलेला प्रासाद उभारून आपल्या प्रिय स्त्रियांना तेथें ठेवितो. पुरुषाच्या मनोराज्याचें याहून संपूर्ण चित्र क्वचितच सांपडेल. पण त्याच प्रासादांत त्याची सर्वांत आवडती मुरासाकी प्रव्रज्या घेऊं इच्छिते आणि तो तिला परवानगी देत नाहीं. ती खंगत जाऊन मरण पावते, आणि गेंजी शोकांत बुडून जातो. त्याच्या सुखाचा हिशेब लेखिकेनें त्या स्त्रियांच्या बाजूनें मांडला आहे.

आजच्या चित्रकथाकारांकडून गेंजीच्या तोडीची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. शिवाय परीक्षेनें आणि एकटेपणानें गांजलेल्या मुलाला घटकाभर आश्रय देणें, हेंहि कांहीं हलकें काम नव्हे. परंतु ज्या कथेंत कोणालाच नकार द्यावा लागत नाहीं, तिच्यांत कोणाचा स्वीकार झाला असेंहि म्हणतां येत नाहीं. आपल्या घरांतील तरुणांच्या हातून हीं पुस्तकें काढून घेण्यापेक्षां, न निवडलेल्या मुलीचें पुढें काय झालें, एवढें त्यांना विचारावें. ज्या कथेजवळ या प्रश्नाचें उत्तर आहे, ती त्यांनीं खुशाल वाचावी.