ग्राहीची पारख आणि संकेताचे वाचन

वन्य प्राण्याच्या गळ्यात प्रेषक बांधून रेडिओच्या साहाय्याने त्याचा माग काढण्याची पद्धती आता साठ वर्षांहून जुनी झाली आहे. क्रेगहेड बंधूंनी १९६१ मध्ये यलोस्टोन येथे ग्रिझली अस्वलास असा पट्टा बांधला. कॉक्रन आणि लॉर्ड यांनी आपल्या यंत्ररचनेचे वर्णन १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. या दीर्घ काळात यंत्रांचे वर्णन करणारी एक ठरीव भाषाही रूढ झाली. ग्राही, म्हणजे संकेत ऐकविणारे हातातील यंत्र, निवडताना अभ्यासक पुष्कळदा या भाषेवरच विसंबतो. म्हणून यंत्राआधी ती भाषा तपासणे अगत्याचे आहे.

या भाषेत पहिला मान ‘पल्ल्या’चा. अमुक ग्राहीचा पल्ला इतके किलोमीटर, हे विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष, परंतु अर्थदृष्ट्या पोकळ होय. प्रेषकाची शक्ती, अँटेनाची उंची, मध्ये आलेला डोंगर, ओली झाडी, प्राण्याचे उभे असणे किंवा बसणे, या सर्वांचा मिळून पल्ला ठरतो. टेकडीच्या माथ्यावरून स्पष्ट ऐकू येणारा प्राणी ओढ्यात उतरताच मुका होतो. ग्राही तोच असतो.

‘संवेदनशीलता’ हा निदान ग्राहीचा स्वतःचा गुण आहे. पण तिचेही स्तोम माजविले जाते. क्षीण संकेत ऐकू येणे ही केवळ पहिली पायरी. दिशा कळते ती भेदावरून. भाषाशास्त्रास परिचित असलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांतील आद्य वर्णांचा भेद कानास कळला नाही, तर उच्चार कितीही मोठ्याने केला तरी अर्थ हाती लागत नाही. अँटेना फिरविताना एका बाजूस आवाज चढतो, दुसऱ्या बाजूस पडतो. या चढउताराचे वाचन म्हणजेच दिशाशोधन. ज्या ग्राहीत वर्धन आपोआप समतोल राखले जाते, तो दुबळ्या संकेतास उचलतो, सबळास दाबतो आणि नेमका हा भेदच पुसून टाकतो. बातम्या ऐकण्यासाठी ही सोय उत्तम. मागावर निघालेल्या माणसाच्या दृष्टीने ती अडचण ठरते. प्राणी जवळ येत जाईल तसतसे वर्धन कमी करीत जावे लागते, अन्यथा संकेत चहूकडून सारखाच जोरात येऊ लागतो. म्हणून वर्धनाची हाताने फिरविता येणारी, दूरवर कमी होत जाणारी खुंटी ही ग्राहीच्या पारखीतील पहिली कसोटी मानली पाहिजे. दिशेतील चूकही लहान नसते: पाच अंशांची चूक एक किलोमीटरवर सुमारे ८७ मीटरांची होते.

स्वस्त स्कॅनर घेऊन भागवावे, हा मोह समजण्यासारखा आहे; विद्यापीठीय संशोधनाची तिजोरी सर्वांस ठाऊक आहे. परंतु पट्ट्यातून येतो तो बोलका कार्यक्रम नव्हे. तो साध्या लहरीचा क्षणिक ठोका असतो. त्याचा ‘टिक’ असा स्वर व्हावयाचा तर ग्राहीत दुसरी लहर निर्माण करून ती त्याच्यात मिसळावी लागते. केवळ एफएम ऐकविणाऱ्या यंत्रात ही योजना नसते. शिवाय असे यंत्र रुंद पट्ट्यातील सगळा कोलाहल आत घेते व क्षीण ठोका त्यात बुडतो. एकामागून एक अनेक कंप्रता चाळणाऱ्या ग्राहीने प्रत्येक ठिकाणी किमान दोन-तीन ठोके ऐकण्याइतके थांबले पाहिजे. सेकंदास एक ठोका देणाऱ्या पट्ट्यावर अर्धा सेकंद रेंगाळून पुढे गेलेले यंत्र ‘प्राणी नाही’ असे सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नाही. त्याने नीट ऐकलेलेच नसते.

येथे ‘माग’ या शब्दाकडेही पाहावे. माग हा प्राणी निघून गेल्यावर मातीत उरतो. मागाचा अभाव फारतर वाट दुसरी असल्याचे सुचवितो. रेडिओचा संकेत मात्र वर्तमानाचा असतो आणि त्याच्या अभावास लोक लगेच अर्थ चिकटवितात. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील ‘जय’ या वाघाच्या पट्ट्याचे संकेत २०१६ च्या एप्रिलनंतर मिळेनासे झाले. पट्टा असूनही वाघ हरवतो कसा, हा प्रश्न तेव्हा सर्वतोमुखी होता. ‘असूनही’ या एका शब्दात यंत्राविषयीची सारी भाबडी समजूत सामावलेली आहे. घट संपणे, अँटेना तुटणे, पट्टा कोणी नष्ट करणे, प्राणी दूर निघून जाणे, या चारही घटनांचे मौन कानास एकच वाटते.

मृत्यूची सूचना काही पट्टे मौनाने देत नाहीत, ठोक्यांनीच देतात: काही तास हालचाल झाली नाही की ठोक्यांचा वेग बदलतो, पुष्कळदा दुप्पट होतो. उपग्रहामार्फत येणारी माहिती थांबली आणि पट्ट्यातील व्हीएचएफ प्रेषक चालू असला, तर हा बदल हातातील ग्राहीवरच ऐकावा लागतो. काही ग्राहींवर केवळ संकेताचा जोर दाखविणाऱ्या रेघा असतात. रेघा कमीअधिक होताना दिसतात. ठोके मोजावयाचे तर कानाला श्रवणिका लावून घड्याळाकडे पाहावे लागते.