बेट, मुले आणि आपली प्रवासवर्णने

फूलबागेत संध्याकाळी फिरायला गेले की आमचा मोर्चा शेवटी बैजा तालाकडे वळतो. तळ्याच्या मधोमध तरता रंगमंच आहे. गेल्या वर्षी तो पाहून नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजी, ये टापू है क्या?" मी म्हटले, "टापू नव्हे रे, मराठीत बेट म्हणतात. पण हे काही खरे बेट नाही." त्यावर त्याने थेट बांबूच्या झुडपाकडे बोट दाखवले. "मग त्याला तू परवा बेट का म्हणालीस?" बांबूचेही बेट आणि समुद्रातलेही बेटच, हे त्याला पटवताना माझी पुरेवाट झाली. त्याच्या धाकट्या बहिणीला तर 'बेट' म्हणजे 'बेटा'च वाटले आणि ती "काय?" म्हणत धावत आली!

मी मूळची निपाणीची. लहानपणी घरात मराठी आणि दारात कन्नड. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले, तेव्हापासून दारात हिंदी. अशा घरातली मुले कोणते पुस्तक कोणत्या भाषेत वाचतील, हा प्रश्न आपल्या अंकाच्या वाचकांना नवा नाही. डिसेंबरात नातवंडांना घेऊन अंदमानला जायचे ठरले, तेव्हा निघण्याआधी त्यांना मराठीतून काहीतरी वाचून दाखवावे असे मी मनाशी घेतले. या लेखाचे मूळ त्या खटाटोपात आहे.

आधी नियतकालिकांतले प्रवासलेख काढून बसले. बहुतेकांत 'निसर्गाची मुक्त उधळण', हॉटेलातील जेवण आणि बोटीची तिकिटे. मुले असलीच तर एका वाक्यापुरती : 'बच्चेकंपनीने धमाल केली.' कोणती धमाल? कोण रडले, कोण कंटाळले, कोणी काय विचारले? लेखक मुलांना बरोबर नेतो आणि लिहिताना घरी ठेवून येतो.

मोठ्या पुस्तकांकडे वळले. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आम्हा ग्वाल्हेरकरांना जवळचा. मथुरेला बैजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून वरसईचे भटजी 1857 मध्ये काकांबरोबर निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. पुस्तक छापून निघाले 1907 मध्ये. त्या बैजाबाईंचे नाव या तळ्याला आहे, आणि ज्या राणीच्या झाशीचा वेढा भटजींनी आतून पाहिला तिची समाधी याच फूलबागेत. भटजींच्या लेखनातले मर्म असे की घरी वाट पाहणारी माणसे त्यात सतत आहेत. पैसा हवा तो घरासाठी, आणि गंगेची कावड खांद्यावरून आणायची ती आईवडिलांसाठी. नातवाला हा भाग आवडला. कावड किती जड असेल, हे त्याने पाण्याच्या दोन बाटल्या काठीला बांधून पाहिले.

पु. लं.चे 'पूर्वरंग' (1963) हे माझे लाडके पुस्तक. त्यात बालीचे बेट आहे. पण तो प्रवास दोन रसिक मोठ्यांचा आहे. नाच रात्री कितीही वेळ पाहावा, झोपेने डोलणारे मूल मांडीवर नसते. हा दोष नव्हे. मात्र आपल्याकडे पुढे ज्यांनी त्यांचे अनुकरण केले त्यांनी ऐट तेवढी उचलली.

राहता राहिले 'माझी जन्मठेप' (1927). अंदमानला निघालेल्या मराठी घरात हे पुस्तक येणारच. 'महाराजा' बोटीने सावरकर 1911 मध्ये तेथे उतरले आणि 1921 पर्यंत तेथे होते. सतराव्या वर्षी मी ते निपाणीला एका बैठकीत वाचले आणि रडले होते. यंदा मोठ्याने वाचताना एका जागी अडखळले. काळ्या पाण्यावर पाठवण्यापूर्वी पत्नी भेटायला येते तो प्रसंग. चार काटक्या जमवून घरटे करणे आणि पिले वाढवणे यालाच संसार म्हणायचे, तर तो कावळे-चिमण्याही करतात, असा त्यांच्या सांत्वनाचा आशय. वाक्ये तेजस्वी आहेत. पण त्यांचा प्रभाकर तान्हेपणाच्या जरा पुढे जाऊन देवीने गेला होता, हे ठाऊक असलेल्या वाचकाला समोर उभ्या माईंकडे पाहावेसे वाटते. आणि पुस्तक माईंच्या तोंडी फारच थोडे शब्द देते. सतराव्या वर्षी मला ही उणीव दिसली नव्हती. पिले वाढवून झाल्यावर दिसली.

त्याच पुस्तकात 1919 ची भेट आहे. आठ वर्षांनी माई आणि धाकटे बंधू समुद्र ओलांडून आले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मात्र परवानगीची वाट पाहत आधीच गेल्या होत्या. मराठी कुटुंबाच्या अंदमानप्रवासाची ही आठवण आजच्या एकाही सहललेखात मला आढळली नाही. आपण तुरुंग पाहतो, कोलू पाहतो. भेटीला आलेल्यांची वाट आपल्याला सुचत नाही.

सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच इमारती आता उरल्या आहेत. त्या लांब व्हरांड्यात नातवंडे पळत सुटली. मी रागावले. नातू कोठडीत जाऊन उभा राहिला, बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, आतून समुद्र दिसत नाही. फक्त टापू बनवून ठेवलाय." व्याकरण सोडून द्या. मी तरी असे वाक्य कोणत्या लेखात वाचले नव्हते.

तिथून सुमारे दोन तास बोटीने नील बेटावर गेलो. 2018 पासून त्याचे नाव शहीद द्वीप. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेले गाव, किनाऱ्यांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. शांत म्हणजे इतके शांत, की पहिल्या दिवशी मुले कंटाळून भांडली. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, कारण घड्याळ आपलेच पण बेट फार पूर्वेला. अंधारात करायचे काय? मग पिशवीतले भटजी बाहेर आले, आणि कंदिलाशिवायच्या त्या काळात लोक रात्री काय करत, यावर तासभर गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या डबक्यात शंखात राहणारा खेकडा सापडला. त्याला घर बदलता येते हे कळल्यावर नातीने जमवलेले सगळे रिकामे शंख त्याच्यासाठी पाण्यात परत टाकले. किनाऱ्यावरून पोवळी-शंख नेऊ नयेत, हे मी सकाळपासून तीनदा सांगून थकले होते.

परत आल्यावर नातवाने वहीत पानभर लिहिले. देवनागरी खरे, पण अर्धे हिंदी, अर्धे मराठी. 'बेट' तेवढे तीनही ठिकाणी अचूक. कंटाळा आला, बहिणीने मारले, खेकड्याने घर बदलले, असे सगळे त्यात आहे. खाली चित्र आहे. समुद्र, खेकडा, आणि छातीवर पुस्तक ठेवून वाळूत झोपलेली आजी. मी झोपले नव्हते.