सर्व काही धरून

ज्या माणसाने महाबळेश्वरची खोलीसुद्धा "चहा धरून की चहा सोडून?" असं विचारल्याशिवाय कधी ठरवली नाही, त्याच्यावर कॅरिबियन समुद्राकाठचं हॉटेल निवडायची वेळ यावी, हा नियतीचा विनोद आहे. पण हल्ली नियतीला भाचे सामील असतात. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. "मामा, तू आणि मामी इकडे येताच आहात, तर आपण सगळे चार दिवस कॅरिबियनला जाऊ. विमानाचं मी बघतो. हॉटेल तू निवड," असं म्हणून त्याने तिकडून येणाऱ्या एका गृहस्थाबरोबर गुळगुळीत माहितीपत्रकांचा एक गठ्ठा डोंबिवलीला धाडून दिला आणि तो मोकळा झाला.

आमच्या दोघांच्या हॉटेलचे पैसे सौ.च्या आवर्ती ठेवीतून यायचे होते. ही ठेव तिने दहा वर्षं, घरखर्चातून वाचवून, एकही हप्ता न चुकवता भरली होती. आमच्या घरात बँकेत मी जातो, पण बँकिंग ती करते. तेव्हा तिचे पैसे कुणाच्या हवाली करायचे, हे ठरवताना मी ही पत्रकं अशा गांभीर्याने वाचली, की तेवढ्या गांभीर्याने बी.कॉम.ला कॉस्टिंग वाचलं असतं तर आज मी काउंटरच्या अलीकडे नसतो. आठवडाभर वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात, पण या साहित्याकडे अजून एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. बहुधा समीक्षकांना न्यू जर्सीचे भाचे नसावेत. ती उणीव मी येथे भरून काढीत आहे.

प्रथम या प्रकाराचा इतिहास. 'सर्व काही धरून' या कल्पनेचा उगम १९५० साली माजोर्का बेटावर झाला. जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने अल्कुदियाला तंबू ठोकले आणि 'क्लब मेडिटेरानी' सुरू केला. एकदाच पैसे भरायचे. राहणं, जेवण, खेळ सगळं त्यात. बारमधल्या पेयांचे पैसे मात्र वेगळे, आणि पुढे ते रोख न देता मण्यांच्या माळेतले मणी काढून द्यायचे अशी पद्धत पडली. मण्यांचा आणि खर्चाचा संबंध आपल्याकडेही जुनाच आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे मणी बायकोच्या गळ्यात असतात आणि ते सुटत नाहीत.

कॅरिबियनमध्ये ही कल्पना चांगलीच रुजली ती जमैकात. तिथे १९८१ साली बुच स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बेला 'सँडल्स' काढलं. हे गृहस्थ मूळचे एअर कंडिशनर विकणारे. ज्या बेटावर समुद्राचा वारा फुकट मिळतो तिथे ज्याने एअर कंडिशनर विकून दाखवले, त्याला समुद्र विकणं काय अवघड?

आता प्रत्यक्ष साहित्यकृतीकडे वळू. पत्रकाचा नायक समुद्र. तो सदैव निळा आणि शांत. त्याला लाटा फुटतात त्यासुद्धा सभ्यपणे. २०११ सालापासून या किनाऱ्यांवर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ ढिगांनी वाहून येऊ लागलंय आणि कुजलं की ते सडक्या अंड्यांसारखं घाण मारतं. पण पत्रकात शेवाळाला प्रवेश नाही. तसाच वादळांनाही नाही. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा मोसम. पत्रकात त्याचा उल्लेख 'खास सवलतीचा काळ' असा येतो. आमच्या बँकेत बुडत्या कंपनीचे शेअर स्वस्त झाले, की आमचे एक सहकारी असंच म्हणत. ते आता शेअरबद्दल बोलत नाहीत.

नायिका नायकाच्या पायाशी आडवी पडलेली असते. बाजूला एक पुरुष, दोन आरामखुर्च्या, एक छत्री. बाकी किनारा ओसाड. मागच्या पानावर मात्र लिहिलेलं असतं, की हॉटेलात खोल्या चारशे. एका खोलीत दोघं धरली तर आठशे माणसं. दोन किनाऱ्यावर दिसताहेत. उरलेली सातशे अठ्ठ्याण्णव कुठे आहेत? माझ्या मते जेवणाच्या रांगेत आहेत.

या साहित्यात विशेषणांना दर असतात, हा मला लागलेला मोठा शोध. 'बागेचं दर्शन' सर्वांत स्वस्त. मग 'अंशतः समुद्रदर्शन', मग 'समुद्रदर्शन', आणि सर्वांत वर 'थेट समुद्रासमोर'. अंशतः समुद्रदर्शन म्हणजे काय, हे ज्याने चाळीच्या गॅलरीतून एक पाय कठड्यावर ठेवून गणपतीची मिरवणूक बघितली आहे, त्याला समजावून सांगायला नको. मराठीत एका विशेषणाचे एवढे पैसे मिळत असते, तर मी नोकरी केली नसती.

आणि खलनायक? तो पानाच्या तळाशी राहतो. चांदणीच्या आकाराचा असतो. 'सर्व काही समाविष्ट' या शब्दांच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि खाली मुंगीच्या अक्षरांत तिचं कूळ दिलेलं असतं. उंची मद्यं वेगळी. किनाऱ्यावरचं खास जेवण वेगळं. आरक्षण नसेल तर जपानी जेवण नाही, आणि आरक्षण पहिल्या दिवशी सकाळीच संपतं. विमानतळावरून आणणं काहींच्या 'सर्व' मध्ये बसतं, काहींच्या बसत नाही. गृहकर्जाचे फॉर्म भरून घेण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून सांगतो. ही पत्रकं मागून पुढे वाचावीत. पहिल्या पानावर कविता असते. शेवटच्या पानावर साहित्य सोडून सगळं असतं.

भूगोलाच्या बाबतीतही लेखकांनी बरंच स्वातंत्र्य घेतलं आहे. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बावारो किनाऱ्याचं पत्रक 'कॅरिबियन स्वर्ग' या शब्दांनी सुरू होतं. मी मुलाचा ॲटलास काढला. बावारोच्या समोर अटलांटिक आहे! बार्बाडोस तर पूर्णच अटलांटिकमध्ये उभं आहे. पण 'अटलांटिक' म्हटलं की लोकांना 'टायटॅनिक' आठवतं, तेव्हा नाव बदलून घेण्यात व्यवहार आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रकार जास्तच गंभीर आहे. पैसे आधीच भरलेले, म्हणजे पुढच्या प्रत्येक घासाची किंमत शून्य. घटत्या उपयोगितेचा नियम आम्हाला संत्र्यांचं उदाहरण देऊन शिकवला होता. पहिलं संत्रं गोड, पाचवं नकोसं. पण आमच्या प्राध्यापकांनी अमर्याद थाळीला बसलेला मराठी मध्यमवर्गीय पाहिला नसावा. त्याची उपयोगिता घटत नाही, त्याची वसुली व्हायची असते. मी कागदावर हिशेब मांडला. दिवसाचं भाडं वसूल करायचं तर मला रोज सहा नारळपाणी, दोन कलिंगडं आणि जे मी घेत नाही त्या पेयाचे अकरा ग्लास संपवावे लागणार होते. सुट्टी नव्हे, ओव्हरटाइमच तो.

इथवर माझं परीक्षण मोठ्या खुषीत चाललं होतं. पण गठ्ठ्याच्या तळाशी भाच्याच्या बायकोने एक बारकं पुस्तक घालून ठेवलं होतं: जमैका किंकेड या बाईंचं 'अ स्मॉल प्लेस'. १९८८ चं. जमैका हे बाईंचं नाव. गाव त्यांचं अँटिग्वा. पुस्तक ऐंशीएक पानांचं, एकही चित्र नाही, आणि बाई वाचणाऱ्यालाच पर्यटक समजून 'तुम्ही, तुम्ही' करीत त्याची हजेरी घेतात. तुम्ही ज्या निळ्या पाण्यात डुंबताय त्यात हॉटेलचं सांडपाणी कुठे जातं, असंही विचारतात. पत्रकांनी मोठ्या कष्टाने जे जे झाकलं, ते बाईंनी उघडं करून ठेवलंय. त्यातली एक गोष्ट मला डाचली. सुट्टी सगळ्यांनाच हवी असते, त्या बेटावरच्या माणसालाही. पण त्याच्याकडे कुठे जायला पैसे नसतात, आणि त्याचं रोजचं रटाळ गाव हेच आपल्या मौजेचं ठिकाण असतं.

डेरेक वॉलकॉट हे सेंट लुशियाचे कवी. १९९२ सालच्या नोबेल भाषणात त्यांनीही या पत्रकांतल्या कॅरिबियनवर टीका केली. आणि भाषणाची सुरुवात कुठून केली असेल? त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावातल्या रामलीलेपासून! १८४५ पासून ऊसमळ्यांवर करार करून नेलेल्या आपल्या माणसांची ती वंशजं. माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही पत्रकात ना रामलीला, ना ऊसमळा, ना 'डबल्स' नावाची त्यांची हरभऱ्याची उसळ भरलेली बारा. इटालियन पास्ता मात्र सगळ्यांत.

आणि क्रिकेट? अहो, आमच्या घराण्यात ही बेटं भूगोलाच्या पुस्तकातून आलीच नाहीत, रेडिओतून आली. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी जिंकली, गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, हे वडिलांनी मला गायत्री मंत्राच्या आधी शिकवलं. १९९७ साली ब्रिजटाउनला जिंकायला फक्त १२० हवे असताना आपण ८१ त आटोपलो, त्या रात्री मी जेवलो नव्हतो. त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि मी दोनदा जेवलो. असं मैदान ज्याच्यात नाही ते 'सर्व काही' कसलं?

मी हे सगळं परीक्षण रात्री सौ.ला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मध्ये हसली दोनदा. शेवटी मी निकाल दिला, "तात्पर्य, हा सगळा फसवणुकीचा प्रकार आहे. आपण एखादी साधी खोली घेऊ. छोटं स्वयंपाकघर असलेली. स्वस्त पडेल, आणि आपलं आपण..."

"कोण आपलं आपण?" तिने विचारलं.

मी गप्प बसलो.

"अहो, मला ते मणी नकोत, समुद्र पूर्ण दिसला नाही तरी चालेल, आणि तुमची अकरा पेयं तुम्हीच मोजा. मला चार दिवस 'आज भाजी काय?' हे ऐकायचं नाही. काय करू, किती करू, कोण केव्हा जेवणार, याचा विचार करायचा नाही. त्या कागदात तेवढं एक जरी खरं असेल ना, तर माझे पैसे वसूल."

तपशीलवार समीक्षा करून मी शंभर चुका काढल्या होत्या. या साहित्याचा खरा वाचक कोण, एवढंच पाहायचं राहिलं होतं. माझ्या घरात गेली एकवीस वर्षं चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, पाहुणे, आजारपणं सगळं धरूनच होतं. मी कधी तळटीपसुद्धा वाचली नव्हती.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तिथे आपली अंथरुणं घालणारी बाई असेल ना, तिला जाता येतं का हो त्या समुद्रात? सुट्टीच्या दिवशी, पोरांना घेऊन?"

असा रकाना कुठल्याच पत्रकात नव्हता. मी शोधत बसलो. जमैकात १९५६ सालचा किनारा नियंत्रण कायदा आहे आणि त्याने समुद्रात डुंबण्याचा सरसकट हक्क लोकांना दिलेला नाही. त्यावरून तिथली माणसं कोर्टात गेली आहेत. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये किनारा कायद्याने सगळ्यांचा. बार्बाडोसमध्येही किनारे सगळ्यांना मोकळे. शिवाय तिथे शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स गावात ताजी मासळी भाजतात, तीही फाटकाबाहेर, गावच्या लोकांबरोबर उभं राहून खायची. आणि केन्सिंग्टन ओव्हल तिथेच.

"मग बार्बाडोसचंच घ्या," सौ. म्हणाली. "सर्व काही धरून. शुक्रवारचं जेवण सोडून."

तेव्हा बागेचं दर्शन असलेली खोली ठरली आहे. आवर्ती ठेव मोडली. व्हाउचर मीच पास करायला पुढे सरकवलं, सही तिने केली. हॉटेलच्या फॉर्मवर शेवटी 'विशेष विनंती' असा एक रकाना होता. काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सकाळचा पहिला चहा कुणीतरी हातात आणून द्यावा."

लिहिलं. आणि तिला सवय असावी म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळचा पहिला चहा मीच करू लागलो आहे. कप हातात घेऊन ती आधी त्याच्याकडे बघते, मग गॅसच्या ओट्याकडे बघते आणि फडकं शोधते. तिच्या मते, चांदणी अजून आहे.